ईजीआरवर मारलेल्या पत्र्याची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. डिझेल गाडी असेल तर वाचाच. नसेल तरी डिझेल गाड्यांच्या मागे सिग्नलला उभे राहता, म्हणून वाचा.)

जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्या माणसाला गॅरेजमध्ये हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. "दादा, ईजीआर बंद करून टाकू. पिकअप येईल, ॲव्हरेज वाढेल, कटकट संपेल." काम पंधरा-वीस मिनिटांचं. व्हॉल्व्हचे बोल्ट ढिले करायचे, पॅकिंगच्या आकाराचा पत्रा कापून मध्ये सरकवायचा, बोल्ट परत आवळायचे. पत्रा कसलाही चालतो. काही जण स्टीलची प्लेट मोजून कापतात, काही जण कोल्ड्रिंकच्या डब्याला कात्री लावतात. घरच्या पार्किंगमध्ये पाना-पकड घेऊन स्वतः करणारेही भरपूर आहेत.

माझी पंचवीस वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत गेली. ईजीआरचा व्हॉल्व्ह मी खोक्यातून काढलेला नवाकोरा पाहिलाय आणि डांबरासारख्या काजळीने गच्च झालेलाही पाहिलाय. त्यामुळे पत्रा मारणाऱ्या मेस्त्रीला किंवा मालकाला शिव्या घालायला मी इथे बसलेलो नाही. पण या पत्र्यामागे सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात फक्त गॅरेजवाले नाहीत, जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या आहेत, कोर्टं आहेत, आपलं पुणं-मुंबईही आहे. तो सलग कुणी सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी हे ईजीआर म्हणजे काय ते बघू. एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन. म्हणजे इंजिनाने बाहेर टाकलेल्या धुरातला थोडा धूर परत इंजिनालाच पाजायचा. स्वतःचं उष्टं स्वतःलाच. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण कारण पक्कं आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो अगदी गरीब वायू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तापमान साधारण दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो ऑक्सिजनशी जोडी जमवतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. धंद्यातल्या भाषेत 'नॉक्स'. हे कसं घडतं याची मांडणी याकोव झेल्दोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४६ साली केली. (हेच झेल्दोविच पुढे रशियाच्या अणुबॉम्बच्या कामातही होते. असो.)

डिझेल इंजिनात दाब जास्त, ज्वाळ गरम आणि हवा भरपूर, म्हणजे नॉक्सला सगळं वातावरण अनुकूल. ताज्या हवेत थोडा जळका धूर मिसळला की दोन गोष्टी होतात. ऑक्सिजनचं प्रमाण घटतं, आणि धुरातली वाफ नि कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषून घेतात. ज्वाळेचं तापमान उतरतं, नॉक्स एकदम कमी होतो.

आता यातली ग्यानबाची मेख. ऑक्सिजन कमी केला की डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी वाढते. म्हणजे नॉक्स दाबला की काजळी वर येते आणि काजळी दाबली की नॉक्स वर येतो. डिझेल इंजिनाच्या अभियंत्यांचं सगळं आयुष्य या दोघांमधली तडजोड करण्यात जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पीयूसीच्या वेळी लागणार आहे.

नॉक्स काळा नसतो. सायलेन्सरमधून निघताना डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणूनच तो सापडायला वेळ लागला.

२६ जुलै १९४३. लॉस एंजेलिसवर इतकं दाट, डोळे चुरचुरणारं धुकं उतरलं की युद्धाचे दिवस असल्यामुळे लोकांना वाटलं जपानने विषारी वायू सोडला. वायूहल्ला नव्हता. मग संशय गेला एका रबराच्या कारखान्यावर. तो बंद केला तरी धुकं जाईना. हे कोडं सोडवलं आरी हागेन-स्मिट यांनी. मूळचे हॉलंडचे, कॅलटेकमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि काम करत होते अननसाच्या वासावर! कोणत्या रसायनांमुळे अननसाला अननसाचा वास येतो, हे शोधणाऱ्या माणसाने १९५० च्या सुमारास शहराच्या हवेचा वास शोधायला घेतला. त्यांनी दाखवून दिलं की गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नॉक्स यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. तेल कंपन्यांना ते पटणं शक्यच नव्हतं. वर्षानुवर्षं विरोध झाला. पण १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं तेव्हा पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच झाले.

१९७० साली अमेरिकेत क्लीन एअर ॲक्ट कडक झाला आणि १९७३ च्या मॉडेलच्या आसपास तिथल्या पेट्रोल गाड्यांत ईजीआर सर्रास बसू लागला. ही पहिली पिढी अगदी अडाणी होती. व्हॅक्यूमवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, ना सेन्सर ना कॉम्प्युटर. गाड्या गचके द्यायच्या, सिग्नलला बंद पडायच्या. त्यातच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोलच्या रांगा लागल्या. मालकांनी बॉनेट उघडलं आणि त्यांना समोर दिसली एक रबरी नळी. ती उपटायची, तिच्या तोंडात बेअरिंगची गोळी नाहीतर गोल्फचा खुंटा ठोकायचा आणि परत बसवायची. वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी. आपल्याकडचे मेस्त्री जुन्या व्हॅक्यूमवाल्या जीपगाड्यांत नळीत छर्रा घालतात ना, अगदी तेच. जुगाड हा आपलाच शोध आहे असं आपल्याला उगाच वाटतं.

आता ही गोष्ट बघा. बेअरिंगची गोळी मालक ठोकत होते त्याच काळात कंपन्या काय करत होत्या? १९७३ साली फोक्सवॅगनच्या सुमारे २५ हजार गाड्यांत तापमानावर चालणारा एक स्विच सापडला. हवा ठरावीक तापमानाबाहेर गेली की तो प्रदूषण रोखणारी यंत्रणा बंद करायचा. कंपनीने १ लाख २० हजार डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. हो, १९७३. चाळीसेक वर्षांनंतर जे गाजलं ते नव्हे, त्याच्या आधीचं.

कायद्याची गंमतही पाहण्यासारखी आहे. १९७० च्या कायद्यात छेडछाडीची बंदी फक्त कंपन्या आणि डीलर यांना होती. गॅरेजवाला मोकळा, मालक मोकळा. १९७७ च्या दुरुस्तीत गॅरेज आणि ताफे बाळगणारे आले. 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द यायला १९९० उजाडलं. म्हणजे वीस वर्षं अमेरिकेत आपल्या घरच्या गॅरेजमध्ये आपल्याच गाडीची नळी बुजवणं हा केंद्राच्या कायद्याने गुन्हाच नव्हता. दरम्यान १९७८ पासून तिथली पर्यावरण संस्था ईपीए शहराशहरांत गाड्यांची बॉनेटं उघडून पाहणी करत होती, आणि सगळ्यात जास्त छेडछाड होणाऱ्या भागांत ईजीआरचं नाव असायचंच.

डिझेलकडे येऊ. अमेरिकेतल्या अवजड ट्रकांच्या इंजिनांत १९९० नंतर कॉम्प्युटर आला. आणि कॉम्प्युटर आल्याबरोबर पत्र्याची गरज संपली. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनॉ, व्होल्वो या सात कंपन्यांच्या जवळपास १३ लाख इंजिनांत असं सॉफ्टवेअर निघालं की चाचणीच्या वेळी इंजिन सोज्ज्वळ आणि हायवेला एका वेगात चालू लागलं की डिझेल वाचवायच्या मोडमध्ये. डिझेल वाचतं म्हणजे जाळ गरम होतो, म्हणजे नॉक्स वाढतो. १९९८ मध्ये तडजोड झाली. ८ कोटी ३४ लाख डॉलर दंड, आणि बाकीचा खर्च धरून शंभर कोटी डॉलरच्या वर. त्या तडजोडीत एक अट होती: २००४ चे नियम या कंपन्यांनी ऑक्टोबर २००२ पासूनच पाळायचे. त्या घाईत बहुतेकांनी धूर थंड करून परत देणारा, म्हणजे कूलरवाला ईजीआर ट्रकांवर चढवला. पहिल्या काही वर्षांत कूलर फुटले, पाणी गळलं, ट्रक रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ट्रकवाल्यांच्या मनात ईजीआरबद्दल जी अढी बसली ती तिथून. लबाडी कंपन्यांनी केली, शिक्षा म्हणून घाईघाईने यंत्र बसवलं, आणि त्याचा त्रास भोगला ट्रक चालवून पोट भरणाऱ्याने. हा क्रम मला या सगळ्या इतिहासात वारंवार दिसतो.

आपल्याकडे काय चाललं होतं? डिझेल गाड्यांसाठी धुराचे पहिले नियम १९९२ मध्ये आले, तेही ढिले. १९९६ पर्यंत आपल्या डिझेलमध्ये १ टक्का गंधक चालायचं, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. आज बीएस-६ च्या डिझेलमध्ये तेच दहा लाखांत १० भाग आहे. हजार पटींचा फरक! नव्वदच्या दशकातल्या मुंबईत टॅक्सीच्या मागे चालणाऱ्या माणसाला हा आकडा सांगायची गरज नाही, त्याच्या रुमालाला माहीत होता.

१९९९ मध्ये 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' ही नागरिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली, आणि त्यातून जुन्या टॅक्सी सीएनजीवर नेण्याचा मार्ग निघाला. काळी-पिवळीचा धूर थांबला तो असा, कुणा मंत्र्याच्या मनात आलं म्हणून नाही. तिकडे दिल्लीत एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बस सीएनजीवर न्यायला लावल्या. या धामधुमीत २००१ साली केंद्राने देशभराच्या इंधनाचं धोरण ठरवायला डॉ. रघुनाथ माशेलकरांची समिती नेमली. गोव्यातल्या माशेलचे, गिरगावात वाढलेले आपले माशेलकर. समितीने २००२ मध्ये अहवाल दिला, २००३ मध्ये धोरण झालं: आधी मोठ्या शहरांत कडक नियम आणि चांगलं इंधन, मग टप्प्याटप्प्याने देशभर. बीएस-३ आधी शहरांत २००५ ला, देशभर २०१० ला. बीएस-४ शहरांत २०१० ला, देशभर २०१७ ला.

हा टप्प्यांचा मार्ग व्यवहारी होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्यातली एक अडचण गॅरेजवाल्यांना लगेच कळली. गाडी पुण्यात घेतलेली, चांगल्या डिझेलसाठी बनवलेली, आणि सुट्टीत निघाली नांदेडला नाहीतर गडचिरोलीला. तिथल्या पंपावर गंधक जास्त. गंधकवाला धूर कूलरमध्ये थंड झाला की आम्ल तयार होतं आणि आतून धातू खातं. शिवाय भेसळ होतीच. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळायचा धंदा किती मोठा होता, हे महाराष्ट्राला २५ जानेवारी २०११ ला कळलं, जेव्हा मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी भरदिवसा जिवंत जाळलं. रॉकेलला डिझेलसारखा वंगणाचा गुण नाही. पंप आणि इंजेक्टर झिजतात, इंजेक्टरचा फवारा बिघडला की काजळी वाढते, आणि ती काजळी ईजीआरच्या वाटेने परत इंजिनात येते. तिथे तिला इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ भेटते. दोन्ही मिळून जो चिकट काळा लगदा होतो, तो इनटेक मॅनिफोल्डमध्ये बोट जाणार नाही इतका भरलेला मी पाहिलाय. खोटं वाटत असेल तर एखाद्या लाखभर किलोमीटर झालेल्या, शहरातच फिरलेल्या डिझेल गाडीचं मॅनिफोल्ड खोलून बघा. शहरात, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि काजळी जास्त धरते.

अशा वेळी मालकापुढे पर्याय काय? नवा व्हॉल्व्ह, कूलरसकट असेल तर पाच आकडी बिल. साफसफाई म्हणाल तर एक अख्खा दिवस गाडी उभी, कारण नीट करायचं तर मॅनिफोल्ड उतरवायला लागतं. नाहीतर पत्रा. ज्याची गाडी दूध गोळा करायला जाते, भाजी मार्केटला नेते, वडाप चालवते, त्याला एक दिवस गाडी उभी ठेवणं म्हणजे काय ते नोकरदार माणसाला कळणार नाही. म्हणून म्हणतो, या माणसाला आधी खलनायक ठरवून बोलायला लागू नका.

मात्र पत्र्याबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं सगळं खरं नाही, तेही सांगतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की बहुतेक गाड्यांत ईजीआर आपोआप बंदच असतो, कारण तेव्हा इंजिनाला सगळी ताजी हवा हवी असते. त्यामुळे ठणठणीत गाडीला पत्रा मारून फार मोठी ताकद मिळत नाही. फरक जाणवतो तो चोंदलेल्या गाडीला. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह बंद झाला की गाडीला मोकळा श्वास मिळतो आणि मालक म्हणतो, "काय पळतीय राव!" ती आधीपासूनच इतकी पळायला हवी होती. व्हॉल्व्ह साफ केला असता तरी तेवढीच पळाली असती. आणि बदल्यात इंजिनाचा खडखडाट वाढतो, कारण जाळ आता जास्त जोरात पेटतो. काजळी बसायची थांबते हे मात्र खरं आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

नव्या गाड्यांत हे इतकं सोपं राहिलं नाही. कॉम्प्युटरला कळतं की धूर परत येत नाही, आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. त्यावर मेस्त्रींनी तोडगा काढला: पत्र्याला मध्ये आठ-दहा मिलिमीटरचं भोक. थोडा धूर जाऊ द्यायचा, कॉम्प्युटरला फसवायचं. तेही चालेना तेव्हा लॅपटॉप घेऊन बसणारी मुलं आली. केबल जोडायची, सॉफ्टवेअरमधून ईजीआर काढूनच टाकायचा, सोबत काजळीचा फिल्टरही. पत्र्याची जागा फाईलने घेतली.

अमेरिकेत हा धंदा किती वाढला त्याचा आकडा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ईपीएने सांगितलं की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण यंत्रणा काढून टाकली गेली, आणि या गाड्यांच्या आयुष्यभरात त्यातून ५ लाख ७० हजार टन जास्तीचा नॉक्स हवेत जाणार. साडेपाच लाख गाड्यांचा परिणाम किती, तर रस्त्यावर ९० लाख जास्तीचे ट्रक आणल्याइतका. म्हणजे "माझ्या एका गाडीने काय होतंय" याचं उत्तर साधारण सोळा गाड्यांइतकं होतंय, असं आहे.

आता पुण्याकडे या. वेताळ टेकडीला ज्या संस्थेमुळे अर्धं पुणं 'एआरएआयची टेकडी' म्हणतं, ती १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन गाड्या तपासून पास-नापास करते. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनचं प्रकरण फुटलं. जगभरात १ कोटी १० लाख गाड्यांत असं सॉफ्टवेअर, की चाचणी चालू आहे हे गाडीला कळतं आणि तेवढ्यापुरती ती शहाण्यासारखी वागते. भारतातल्या गाड्या एआरएआयने रस्त्यावर नेऊन तपासल्या तेव्हा नॉक्स मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावल्या. कंपनीचं म्हणणं काय होतं? भारतात रस्त्यावरच्या चाचणीचा नियमच नाही, मग आम्ही नियम मोडला कसा? मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. रस्त्यावरच्या चाचणीचा नियम आपल्याकडे लागू झाला एप्रिल २०२३ मध्ये.

आणि हे पहिलंच प्रकरण नव्हतं. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत आधीच तपासून ठेवलेली, कमी धूर करणारी इंजिनं बसवली जात होती. यात्रेत पैलवान बदलतात तसं.

पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते युरोपातलं प्रकरण. फोक्सवॅगनने चूक सुधारण्यासाठी जे नवं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात ईजीआर पूर्ण काम करणार ते फक्त हवा १५ ते ३३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल आणि गाडी समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या खाली असेल तेव्हाच. त्याबाहेर व्हॉल्व्ह मिटत जाणार. याला 'थर्मल विंडो' असं भारदस्त नाव आहे. जर्मनी-ऑस्ट्रियात वर्षातले कितीतरी महिने हवा १५ अंशांच्या खाली असते, म्हणजे बराच काळ ईजीआर अर्धवट नाहीतर बंदच. कंपन्यांचा बचाव काय? की ईजीआर चालू ठेवला तर काजळीने चोंदतो, इंजिनाचं आयुष्य घटतं. वाचून मी हसलोच. अहो, हेच तर आमचा मेस्त्री सांगतो! शब्दसुद्धा तेच. फरक इतकाच की मेस्त्री ते ग्रीसने माखलेल्या हाताने सांगतो आणि कंपनीचे वकील लक्झेंबर्गच्या कोर्टात सांगतात.

युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये आणि मग जुलै २०२२ मध्ये हा बचाव फेटाळला. अचानक, गंभीर नुकसान टाळायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण काजळी बसते आणि भाग झिजतात हे गाडीच्या रोजच्या वापरातलंच आहे. त्यासाठी यंत्रणा बंद ठेवता येणार नाही. चोंदत असेल तर साफ करा, हा देखभालीचा भाग आहे. मला हा निकाल पटतो. फक्त त्याचं दुसरं टोकही पकडायला हवं होतं: साफ करायला सोपं जाईल असं बनवा. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे की काही इंजिनांत ईजीआर कूलर अशा जागी कोंबलेला असतो की तो काढायला आजूबाजूचं बरंच काही उतरवायला लागतं. कारखान्यात जोडताना वाचलेली दहा मिनिटं पुढे गॅरेजमध्ये दिवसभराची मजुरी होऊन मालकाच्या बिलात येतात.

त्या सात कंपन्यांतल्या कमिन्सचं नाव डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा आलं. अमेरिकेतल्या रॅम पिकअपच्या लाखो इंजिनांतल्या सॉफ्टवेअरबद्दल १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड, क्लीन एअर ॲक्टच्या इतिहासातला सर्वात मोठा. कोथरूडला या कंपनीचा कारखाना साठच्या दशकापासून आहे, माझ्या ओळखीची किती घरं त्यावर उभी राहिली. भारतातल्या इंजिनांशी त्या दंडाचा संबंध नाही, हे स्पष्ट करतो. पण २५ वर्षांत दुसऱ्यांदा.

आपल्या मालकाला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंड, कैद आणि लायसन्स तीन महिने बंद. कागदावर जबरदस्त. पण पकडणार कोण आणि कशाने?

इथे येते ती पीयूसी. पेट्रोल पंपाच्या कडेला उभी असलेली जुनी ओम्नी, आत कॉम्प्युटर, बाहेर नळी. डिझेल गाडीची तपासणी म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी घालायची, गाडी जागेवर उभी ठेवून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि धूर किती काळा आहे हे प्रकाशाच्या किरणाने मोजायचं. बस. (ही तपासणी न करताच पावती मिळते ती ठिकाणं मी धरत नाहीये, प्रामाणिक केंद्राबद्दलच बोलतोय.) आता सुरुवातीचं वाक्य आठवा: नॉक्स आणि काजळी एकमेकांच्या उलट चालतात. पत्रा मारला की काजळी कमी होते. म्हणजे ज्याने ईजीआर बंद केला त्याची गाडी पीयूसीत जास्त चांगली पास होते! आणि ज्याचा ईजीआर कंपनीने बसवला तसा इमानदारीत काम करतोय, पण जरा चोंदलाय, त्याची नापास व्हायची शक्यता जास्त. नापास झाला की तो गॅरेजला जातो. गॅरेजवाला पत्रा मारतो. गाडी पास. हे वर्तुळ आपल्या सरकारी तपासणीनेच पूर्ण केलंय, आणि याचा मला मेस्त्रीपेक्षा कितीतरी जास्त राग येतो.

दिल्लीत तर याहून वरची गंमत झाली. २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली. वय बघून. अकरा वर्षांची, जपून ठेवलेली, सगळं जागच्या जागी असलेली गाडी तेव्हा भंगारात जायची. तीन वर्षांची, ईजीआर आणि फिल्टर दोन्ही काढलेली गाडी रस्त्यावर, हातात वैध पीयूसी घेऊन. वय मोजणं सोपं आहे, आरसी बघितली की झालं. नॉक्स मोजायला मेहनत लागते.

पण ती अशक्य आहे असं नाही. कॅलिफोर्नियात नव्वदच्या दशकापासून पेट्रोल गाड्या रोलरवर चालवून नॉक्स मोजत आले. २०१० पासून तिथे डिझेल गाड्यांची तपासणी होते, त्यात स्कॅनर लावून कॉम्प्युटर वाचतात आणि बॉनेट उघडून सगळे भाग जागेवर आहेत का ते डोळ्यांनी बघतात. आपल्याकडे बीएस-४ नंतरच्या कारमध्ये स्कॅनरचा सॉकेट स्टिअरिंगखाली आहेच. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे तो वाचायचं यंत्र आहे. पीयूसीवाल्याकडे ते असावं असा नियम करायला नवं संशोधन लागत नाही, एक अधिसूचना लागते. आणि सोबत व्हॉल्व्ह-कूलर साफ करण्याची वाजवी दरातली सोय लागते, नाहीतर पुन्हा सगळा भार त्या दूधवाल्यावर.

हा वायू जातो कुठे, तर उन्हात त्याचा ओझोन होतो, हवेत त्याचे सूक्ष्म कण होतात, आणि दमा असलेल्या पोराला रात्री बसून झोपावं लागतं. नायट्रोजन डायऑक्साइडची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, २००९ पासून तीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा १० वर आणली.

आता गाडीच्या कप्प्यातली पीयूसीची पावती काढून बघा. डिझेल असेल तर त्यावर धुराच्या काळेपणाचा एक आकडा असेल, त्याची मर्यादा असेल, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो असेल, फी असेल, तारीख असेल. नॉक्सचा रकाना शोधा. नाहीये.